शांततेला जाऊन आलो

दोंडाईच्यात राहणाऱ्या माणसाला शांततेची हाव सुटते ती साधारण लग्नसराईत. एकाच गल्लीत दोन वराती समोरासमोर येतात, दोघांचे डीजे वेगवेगळी गाणी लावतात आणि मधल्या घरातल्या फडताळातल्या ताटल्या आपापल्या पसंतीच्या गाण्यावर नाचू लागतात. ते संपून डोळा लागतो न लागतो तोच सुरत-भुसावळ लाइनवरून मालगाडी जाते. हा मार्ग इंग्रजांच्या काळात, 1900 च्या सुमारास सुरू झाला. तेव्हापासून प्रत्येक ड्रायव्हरला दोंडाईचा जागं आहे की नाही याची खात्री करून घ्यायची वरून ऑर्डर असावी, असा माझा समज आहे. सकाळी घंटागाडी येते. ती कचरा कमी नेते आणि गाणी जास्त टाकून जाते. शिवाय मिरचीचा हंगाम. मार्केटकडून वारा आला की आमची अख्खी गल्ली एका तालात शिंकते. नवा पाहुणा दचकतो. आम्ही त्याला सांगतो, भाव चांगला निघाला वाटतं.

अशाच एका रात्री आमच्या मेहुण्यांनी, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. ग्रीसमधल्या कुठल्याशा लहान बेटाचा व्हिडिओ होता. पांढरी घरं, निळे घुमट, एक मांजर, एक म्हातारा. बाकी कोणी नाही. शांतता किती गाढ आहे ते दाखवणाऱ्या त्या व्हिडिओच्या मागे गाणं मात्र असं ढणढणत होतं की वरातीतले दोघं वळून पाहू लागले.

"दाजी, आपल्याले हाई पाहिजे," मेहुणे म्हणाले.

"मांजर?"

"शांतता!"

मेहुण्यांचं एक वैशिष्ट्य सांगून ठेवतो. ते शांतता हा शब्दसुद्धा ओरडून म्हणतात. जन्मभर मार्केटात मिरचीचा लिलाव ऐकलेल्या माणसाचा आवाज खाली येत नाही. फार तर थोडा बसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका टूरवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडचा पोरगा नम्र होता. त्याने विचारलं, "सर, कोणतं बेट?" मेहुण्यांना वाटत होतं ग्रीसला एकच बेट असतं. पोराने सांगितलं की लहानमोठी धरून सुमारे सहा हजार आहेत, पण माणसं राहतात अशी सव्वादोनशेच्या आसपास.

"मग ज्याच्यावर कोणी राहत नाही ते द्या."

"सर, तिथे हॉटेल नसतं."

"मग जिथे एक हॉटेल आहे आणि दुसरं कोणी नाही, ते द्या."

पोराने सॅन्टोरिनीचं नाव काढलं. व्हिडिओतली निळ्या घुमटांची प्रसिद्ध चित्रं बहुतेक तिथलीच असतात. नाना, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, निवृत्त शिक्षक. त्यांनी सवयीप्रमाणे माहिती काढून फळ्यावर लिहावी तशी वहीत लिहिली. राहणारे लोक पंधरा हजारांच्या घरात, वर्षाला येणारे पाहुणे तीस लाखांच्या वर. क्रूझच्या मोठाल्या बोटींतून इतकी माणसं उतरू लागली की 2025 पासून दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालावी लागली.

"म्हणजे सारंगखेड्याची यात्राच झाली की," नाना वही मिटत म्हणाले. "ती इथे हाकेच्या अंतरावर आहे. घोडेसुद्धा बघायला मिळतात."

मग पोराने हायड्रा नावाचं बेट सुचवलं. तिथे मोटारींना बंदी आहे. सामानसुमान गाढवं आणि खेचरं वाहतात. हे ऐकून घरात पहिल्यांदा खरी शांतता पसरली. ती मोठ्या मायने मोडली. मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती, वय कागदोपत्री कुठेच नाही.

"गधडा देखाले इतला पैसा?" ती म्हणाली. "आपला बसस्टँडवर जाय ना."

तरी मेहुणे हटेनात. शेवटी त्यांना व्हिसाने हटवलं. नव्वद युरो फी माणशी, व्हिसा नाकारला तरी ती परत नाही. बँकेचं स्टेटमेंट, आयकराचे कागद, आणि तुम्ही परत येणार याचा पुरावा. दोंडाईच्याचा माणूस ग्रीसहून परत येणार नाही ही शंका ज्याला येते त्याने आमच्याकडचं वांग्याचं भरीत खाल्लेलं नाही, एवढंच मी म्हणेन. मोठ्या मायचा पासपोर्ट काढायला गेलो तर जन्मतारखेपाशीच गाडी अडली. "तापीले मोठा पूर उना ना, त्यान्हा दुसरा पोयाले," हे ती ठामपणे सांगत होती. फॉर्ममध्ये पोळ्यासाठी रकाना नव्हता.

याच सुमारास नानांनी आणखी एक वही उघडली. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतराव्या क्रमांकाचं लेणं आहे. ते खोदवणारा इंद्राग्निदत्त हा यवन, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा, असं तिथल्या शिलालेखातच कोरलेलं आहे. यवन म्हणजे त्या काळचे ग्रीक. "दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक शांततेसाठी नाशिकला येत होते," नाना म्हणाले, "आणि हे दिवटे कर्ज काढून त्यांच्या गावी निघालेत." मेहुण्यांनी विचारलं, "त्याला व्हिसा लागला होता का?" नानांनी वही मिटली ती मिटलीच.

मी मध्यम मार्ग काढला. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. पूल नाही, फेरीबोटीनेच जावं लागतं. समुद्रकिनारा नाही, त्यामुळे किनाऱ्यावरची गर्दीही नाही. भातशेती, जुनी घरं, टेकडीवर पांढरं चर्च. मी फोटो दाखवला. मेहुण्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"पांढरं आहे," ते म्हणाले. "निळं नाही."

"आभाळ निळं असतं."

यावर त्यांनी मान डोलावली. आता प्रश्न मोठ्या मायचा होता. तिची प्रवासाची व्याख्या सोपी आहे: देव असेल तर जायचं. सप्तशृंगगड झाला, शेगाव झालं, प्रकाशा झालं, मुडावदचा कपिलेश्वर तर वर्षाआड होतो. आमच्या दोंडाईच्याचे आमदार 2016 ते 2019 या काळात राज्याचे पर्यटनमंत्री होते. पर्यटन खातंच गावात राहायला आलं म्हणून आम्ही सगळे खूश झालो होतो, पण त्या काळातही मोठी माय देव नसलेल्या एकाही ठिकाणी गेली नाही. तिने विचारलं, "तठे देव शे का?"

मी सांगितलं, आहे. कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडीचं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करवला.

"देव बी बोटमाच गया का रे?" तिने कुतूहलाने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पिशवी भरायला घेतली.

गोव्याला चाललोय ही बातमी गावात फुटायला अर्धा तास पुरला. एरवी सरळ बोलणारी माणसं अचानक एक डोळा मिटून बोलू लागली. "आप्पा, काजू आणजा." "हो, आणतो की." "तसा नही. पातळवाला." कपड्यांचे दुकानदार, बँकेतले कारकून, एक कीर्तनकार. सगळ्यांना काजू हवे होते आणि एकालाही ते चावून खायचे नव्हते. आम्ही शांततेला चाललोय असं मी सांगत राहिलो. "हां हां, शांतता," म्हणत लोक पाठीवर थाप मारून गेले.

जानेवारीत क्रूझर ठरवली. एमएच 18, टपावर कॅरियर. शांततेला जाताना जे काही लागतं ते त्यात भरलं: दशम्या, ठेचा, शेव, लसणाची चटणी, बिबड्या, कुरडया, पाच किलोचा गॅस, तवा, खापर नको म्हणताना खापर, आमचं स्वतःचं तिखट दोन डबे, आणि मेहुण्यांचा ब्लूटूथ स्पीकर. स्पीकर कशाला, असं मी विचारलं. "शांततेत गाणी चांगली ऐकू येतात," मेहुणे म्हणाले. या तर्कात खोट काढायला मी अजून धडपडतोय.

प्रवासाचं फार सांगत नाही. धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, आंबोली. आंबोली घाटात पोरांनी दशम्या परत केल्या.

जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीजवळून खाली गेलं की धक्का लागतो. सागरी सफर म्हणून सगळ्यांनी तयारी ठेवली होती. वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, उलटीच्या गोळ्या वाटल्या. मोठ्या मायने नदीत टाकायला नारळ काढला, हळदकुंकू काढलं, ओटी काढली. नानांनी जीवरक्षक जॅकेट कुठे असतात ते बघून ठेवलं आणि कोणी कोणाचा हात धरायचा याची यादी वाचून दाखवली. मेहुण्यांनी व्हिडिओ सुरू केला: "मित्रांनो, आत्ता आपण भर समुद्रात—"

तेवढ्यात बोट पलीकडे लागली.

खरंच लागली. एक कटिंग चहा संपायला जितका वेळ लागतो तितकाही लागला नाही. फळी खाली पडली, स्कूटरवाले भुर्रकन निघून गेले. क्रूझर मात्र जागची हलेना, कारण आमच्यापैकी कोणाचा विश्वासच बसत नव्हता. बोटीवरचा माणूस हाताने खूण करत राहिला.

"उतरा, गाव उनं," मी म्हणालो.

"हाई तं आपली तापीच शे," मोठी माय हिरमुसून म्हणाली. तिचा नारळ हातातच राहिला होता. गोळ्यांचा परिणाम मात्र वेळेवर झाला. बेटावरची पहिली दुपार निम्मं कुटुंब झोपून होतं.

उरलेल्या निम्म्यांनी दिवाडी पाहिली. दोन्ही बाजूंना शेतं, त्यात बगळे, मधून अरुंद रस्ता, मग पिएदाद गाव. उतरत्या कौलांची मोठमोठी घरं, दारापुढे बसायला दगडी बाकांचा बल्कांव. आवाज कुठलाच नाही. कुत्रं होतं, पण ते भुंकलं नाही. आमच्याकडे बघून त्याने कूस बदलली. क्रूझरचं इंजिन बंद केलं आणि ती प्रसिद्ध शांतता आमच्यावर येऊन आदळली. मिनिटभर सगळे तसेच उभे.

"इतलं चूप काब्र शे?" मोठ्या मायने हळूच विचारलं. "कोनी मरी गयं का आठे?"

तिचं बरोबर होतं. आमच्या गल्लीत इतकी शांतता फक्त मयत झाल्यावर असते, तीही पाहुणे येईपर्यंत. वहिनींनी सवयीने पदर डोक्यावर घेतला.

राहायची सोय एका बाईंच्या घरी होती. साठीच्या पुढच्या, पायात चपला, गळ्यात बारीक क्रॉस. त्यांनी बल्कांवावरून आमची वरात उतरताना पाहिली. गॅस पाहिला. खापर पाहिलं.

"खंयच्यान आयल्यात?"

"दोंडाईचा."

"तें खंय आसा?"

मेहुण्यांनी दोंडाईचा कुठे आहे ते सांगायला सुरुवात केली. सुरतपासून. त्यांचा आवाज ऐकून समोरच्या घराची खिडकी उघडली, मग तिच्या शेजारची. पाच मिनिटांत निम्म्या पिएदादला कळलं की दोंडाईचा-वरवाडे ही नगरपरिषद आहे, ग्रामपंचायत नाही.

चहाची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं की सगळं आणलं होतं, साखर राहिली होती. मी आणि नाना दुकान शोधत निघालो. दुकान सापडलं, दार अर्धं उघडं होतं, आत दुकानदार आडवा होता.

"साखर मिळेल का?"

"आतां बंद. चारांक येयात."

"दार उघडं आहे."

"वाऱ्याक," तो डोळे न उघडता म्हणाला.

नाना भारावून गेले. पस्तीस वर्षं शाळेत घंटेच्या तालावर जगलेला माणूस तो. "याला म्हणतात जगणं," ते परत येताना म्हणत होते. "याला म्हणतात सुशेगाद." बिनसाखरेचा चहा पहिल्या घोटापर्यंतच त्यांना सुशेगाद वाटला. मग त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं आणि चार कधी वाजतात याच्यावर नजर लावून बसले. चाराला पाच मिनिटं कमी असताना ते दुकानापुढे उभे होते, आणि चार वाजून पाच मिनिटांनी दुकानदाराला वक्तशीरपणाबद्दल ऐकवत होते. सुशेगाद दुसऱ्याने असावं, आपलं काम वेळेत व्हावं, असं आम्हा सगळ्यांचंच म्हणणं असतं.

मेहुणे तोवर शांततेचा आनंद घेत होते. आनंद घ्यायची त्यांची पद्धत म्हणजे तो फोनवरून कोणाला तरी सांगणं. रेंज फक्त रस्त्याच्या वळणावर येत होती, म्हणून ते वळणावर जाऊन उभे राहिले. मार्केटातल्या मित्राशी चाललेलं संभाषण बेटावर सर्वांना उपलब्ध होतं.

"हॅलो! हां! आवाज ई ऱ्हायना का? भलती शांतता शे आठे! ... शांतता! ... नही, नही, शांताबाई नही, शांतता! ... काय शे म्हंजे? कायच नही! कोनीच नही! भलतं भारी शे!"

बगळे उडाले. ते संध्याकाळी परत आले. आम्ही जाईपर्यंत मात्र जरा लांबच बसत.

संध्याकाळी जेवणाचा प्रश्न निघाला. बाईंनी माशाचं हुमण करायची तयारी दाखवली, पण आमच्यातले निम्मे माळकरी. मग आमच्या वहिनींनी त्यांच्या चुलीशेजारी गॅस मांडला आणि शेवभाजी टाकली. फोडणीत आमचं तिखट पडताच अख्खं घर शिंकलं. बाई पदराने डोळे पुसत बाहेर आल्या, शेजारीण काय झालं विचारायला आली तीही शिंकली. तेव्हा मेहुण्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की ही दोंडाईच्याची मिरची, हिला जगात तोड नाही.

इथे नानांची वही पुन्हा उघडली. मिरची मुळात अमेरिकेची. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर त्यांच्या गलबतांतून ती या किनाऱ्याला लागली आणि इथून घाटावर चढत, बाजार बदलत आमच्या खान्देशात पोचली. म्हणजे ज्या मिरचीवर आमच्या मार्केटाचा डोलारा उभा आहे, ती याच मांडवीतून आत आली असणार. मेहुण्यांचा चेहरा पडला. क्षणभरच. मग ते बाईंकडे वळून म्हणाले, "बघा, पाचशे वर्षांपूर्वी तुमच्याकडून नेली होती. आज सुधारून परत आणलीय."

बाईंनी ठेचा चाखला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दोन तांबे पाणी प्यायल्या. मग त्यांनी विचारलं, थोडा डब्यात घालून देता का. पावाबद्दल मात्र आम्ही हरलो. गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ पोय शेवभाजीच्या तर्रीत बुडवली तेव्हा मोठ्या मायने भाकरी बाजूला सारली. आमच्या घराण्यात ही घटना पहिलीच.

रात्र झाली. आणि झोप कोणालाच येईना.

आधी वाटलं, गादी मऊ आहे. मग वाटलं, उशी उंच आहे. अंधारात एकेकाचा सुस्कारा ऐकू येत होता. दूर एक कुत्रं एकदाच भुंकलं तर तीन जणांनी "हां" म्हणून समाधान व्यक्त केलं. घड्याळाची टिकटिक अंगावर येत होती. नानांचं घोरणं हा एरवी घरातला वादाचा विषय, त्या रात्री वहिनी त्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी झोपा ना, म्हणजे आम्हाला झोप लागेल." अशा आग्रहाखाली कोण घोरू शकणार? उत्तररात्री मेहुणे उठून बसले.

"दाजी, गाडी गेली नाही."

"कोणती गाडी?"

"मालगाडी. दीडची."

शेवटी त्यांनी मोबाईल काढला. दोंडाईचा स्टेशनवर कधीतरी भाच्याला सोडायला गेले असताना काढलेला व्हिडिओ होता. त्यांनी तो ब्लूटूथ स्पीकरवर लावला. लांबून हॉर्न, मग धडधड, मग डब्यांमागून डबे, मागे चहावाल्याची हाक. दुसऱ्यांदा लावला तेव्हा पोरं झोपलेली होती. तिसऱ्या वेळी नाना घोरू लागले. स्पीकर कशाला आणला, हे मी पुन्हा विचारलं नाही.

पहाटे बाहेर हॉर्न वाजला. पोंय, पोंय. आमच्या वहिनी आणि बायको अंथरुणातून ताडकन उठल्या, स्वयंपाकघरातली ओल्या-सुक्या कचऱ्याची भांडी उचलली आणि केस बांधत रस्त्यावर धावल्या. सायकलवर मोठी टोपली बांधलेला पोदेर उभा होता. पाव विकणारा माणूस. गोव्यात सकाळ तोच करतो. त्याने टोपलीवरचं निळं प्लास्टिक उचललं, समोर दोन बाया त्यात शेवभाजीचा कालचा खरकटा ऐवज ओतायच्या पवित्र्यात. पोदेराने सायकल अशी वळवली की आमच्यासाठी ठेवलेले पाव पुढच्या वळणापर्यंत पळत जाऊन घ्यावे लागले. घंटागाडी नाही हे कळल्यावर बायको जरा नाराज झाली. "हॉर्न तरी वेगळा ठेवायचा," ती म्हणाली.

दिवसा टेकडीवरचं चर्च पाहिलं. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या कपेलमध्ये कदंबकालीन देवळाचे नक्षीदार अवशेष आहेत, तेही पाहिले. मग बेटाच्या दुसऱ्या टोकावरून दुसरी फेरी धरून नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. मोठ्या मायने उरलेला नारळ तिथे फोडला आणि सफर सुफळ झाल्याचं जाहीर केलं. मेहुण्यांनी चर्चच्या पांढऱ्या भिंतीपुढे, निळ्या आभाळाखाली, गॉगल लावून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली फक्त लिहिलं: "आयलंड." तासाभरात शंभर अंगठे आले. "भाऊ ग्रीसले पोहचना का?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. मेहुण्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. या चित्राचा अर्थ हो असाही होतो आणि नाही असाही. खोटं न बोलता खोटं बोलायची इतकी चांगली सोय पूर्वी नव्हती.

संध्याकाळी बल्कांवावर बाईंशी गप्पा झाल्या. समोरच्या रांगेतली किती घरं बंद आहेत ते त्यांनी बोटाने दाखवलं. हा लिस्बनला, ती लंडनला, ते दोघे आखातात. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं, त्यामुळे गावंच्या गावं पांगली. आम्हाला भावलेली शांतता बरीचशी कुलपांची होती. मेहुण्यांचा आवाज तेव्हा आपोआप खाली आला.

मी बाईंना म्हणालो, "आम्ही फार गोंधळ घातला. माफ करा."

"ना गो बाय," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुमी आयल्यात म्हूण घर भरिल्लें दिसता." आणि मग मेहुण्यांकडे वळून म्हणाल्या, रात्री ती रेल्वे लावली होती ना, आजही लावा. शेजारणीने विचारलंय.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ऑगस्टमध्ये इथे बोंदेरा असतो. पूर्वी वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं व्हायची, पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं लावली, लोकांनी ती पाडली. त्याचाच पुढे उत्सव झाला. चित्ररथ निघतात, बँड असतो, सगळं बेट नाचतं, फेरीबोटीत पाय ठेवायला जागा नसते.

मेहुणे खुर्चीत पुढे सरकले. "डीजे असतो?"

"आसता."

"रात्रीपर्यंत?"

"फांतोडेर मेरेन."

म्हणजे पहाटेपर्यंत. मेहुण्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती ग्रीसच्या मांजराला पाहूनही आली नव्हती.

दोंडाईच्यात आता शांत जागांची चौकशी करायला लोक मेहुण्यांकडे येतात. ते ठेल्यावर उभे राहून, चारही रस्त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शांततेचे फायदे समजावतात. काजूवाल्यांना आम्ही खरेच काजू आणून दिले. त्यातले दोघे अजून बोलत नाहीत.

तुम्हाला जायचं असेल तर सांगून ठेवतो. दिवाडीच्या फेरीबोटीला पायी माणसाचं तिकीट पडत नाही. दुपारी दुकानं बंद असतात, तेव्हा साखर घरून न्या. पोदेर सकाळी लवकर येतो, त्याच्यापुढे कचरा घेऊन जाऊ नका. बोंदेरा ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो. त्या दिवशी आमची क्रूझर तिथे असेल, ॲडव्हान्स देऊन झालाय. शांतता हवी असेल त्यांनी तो आठवडा टाळावा.